निकानोरा पडली नाही

एवेलिया आत्याने हात लांब करून फोन समोर धरला आणि नावोहोआ गावातल्या आपल्या सलूनमध्ये बसलेल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा खेळाडू अजून गवतावर पाय ताणत होते.

"बघा गं, हे मैदान! हे आमचे ताता, तावोचे आजोबा, ओळखलंत ना? टोपी नवीन आहे, माणूस तोच. आणि ही आमच्या तावोची बायको, इरासेमा. अगं, हस की जरा! एर्मोसियोच्या पोरी हसतानासुद्धा आधी विचार करतात."

इरासेमा हसली. मांडीवर सात महिन्यांची अमाया झोपली होती, तिच्या पायांवर ऊन येऊ नये म्हणून ती मघापासून टॉवेलचं टोक ओढत होती. तातांनी डब्यातल्या बुरितोवर चिल्तेपीनच्या दोन मिरच्या बोटांनी चुरडल्या होत्या आणि आता त्याच बोटांनी ते पणतीच्या गालाला हात लावू बघत होते. इरासेमाने पिशवीतून ओला रुमाल काढला.

"ताता, आधी हात पुसू द्या."

"हिने मला आल्यापासून चारदा पुसलंय," ताता मुलाला म्हणाले. "अबेलार्दो, तुझ्या सुनेला सांग, मी गाडी नाही."

तिचे सासरे अबेलार्दो हसले नाहीत. ते कुंपणापलीकडे बघत होते. तिथे तावो एकटाच उभा होता, खांदे गोल फिरवत. पाठीवर मोठा आकडा आणि आकड्यावर नाव नाही. बेसबॉल संघाच्या वसंतातल्या सरावाला बोलावलेल्या पोरांना असेच आकडे मिळतात. नाव शिवायचं की नाही हे नंतर ठरतं.

ते ठरायला आता थोडेच दिवस उरले होते. मोठ्या संघात जागा मिळाली तर तिघांना मिळून भाड्याचं घर घेता येणार होतं. नाही मिळाली तर तावो दूर उत्तरेला कुठल्याशा लहान गावात, एका खोलीत आणखी तीन पोरांबरोबर राहणार, आणि इरासेमा अमायाला घेऊन एर्मोसियोला आईकडे परत जाणार. पोरगी आता कधीही रांगायला लागली असती. तावो ते जमिनीवर बसून बघणार की फोनमधून, एवढाच प्रश्न इरासेमाच्या मनात गेले कित्येक दिवस घर करून होता. बाकीचं घराण्याचं नाव, नावोहोआची इज्जत, ते सगळं सासरच्या एस्केर मंडळींचं होतं. तिला जमीन हवी होती. फरशी, चटई, काहीही.

आणि आज सकाळी, अंडी परतताना, तावो तिच्या कानाशी येऊन म्हणाला होता, "आज निकानोरा टाकायची नाही. कोच डेलेनीने बंदी घातलीय."

निकानोरा म्हणजे तातांचा खास चेंडू, तो टाकायची त्यांची रीत. ताता, म्हणजे डॉन निकानोर एस्केर, तरुणपणी नावोहोआत पिचर होते, चेंडू टाकणारे. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजाच्या खांद्याकडे निघायचा आणि गुडघ्यापाशी पोचायचा. हिवाळ्यातल्या सामन्यांना माणसं बाकांवर उभी राहून त्या चेंडूला नावाने हाक मारायची. तातांनी तो अबेलार्दोंना दिला, अबेलार्दोंचा खांदा गेल्यावर तो काही वर्षं नुसताच घरात पडून राहिला, आणि मग दहा वर्षांच्या तावोची बोटं तातांनी एकेक करून चेंडूच्या शिवणीवर बसवली. एस्केरांकडे शेती नव्हती, घर भाड्याचं होतं. पिढीकडून पिढीकडे द्यायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.

"का पण?" तिने विचारलं होतं.

"तो म्हणतो, पोटात गोळा आला की तू तिच्याकडे धावतोस. लहान मूल आईकडे धावतं तसा. ती चांगलीच आहे, ते आम्हाला ठाऊक आहे. ती नसताना तू कोण आहेस, ते आम्हाला बघायचंय." तावोने तव्यातला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि भाजला म्हणून तोंड उघडं ठेवलं. "फक्त सरळ आणि हळू चेंडू. मार बसला तर बसू दे, म्हणाला. कुणाला सांगू नकोस. आत्याला कळलं म्हणजे रेडिओला कळलं, समोरच्या फलंदाजांपर्यंत जाईल."

"आणि ताता?"

तावोने तव्याखालची आच बारीक केली. "ते नऊ तास गाडीत बसून आलेत. नीट दिसत नाही तरी. त्यांना काय सांगू, तुमचीच तेवढी आज नको म्हणून? सामना झाला की मी सांगेन. मीच सांगेन."

तिने मान डोलावली होती. आता त्या गोष्टीला चार तास झाले होते आणि तिने ती अजून कुणालाही सांगितली नव्हती.

सामना निम्मा झाल्यावर तावो चेंडू टाकायच्या उंचवट्यावर आला तेव्हा आत्याने अशी शिट्टी मारली की अमाया दचकून जागी झाली. डावखुरा असल्यामुळे चेंडू धरून थांबला की त्याचं तोंड बरोबर यांच्या बाजूला यायचं. इरासेमाने मुद्दाम ही बाजू निवडली होती.

"सांग हं मला," ताता तिच्याकडे झुकले. त्यांच्या डोळ्यांवर ढगासारखं आलं होतं, हिरवळ आणि आकाश यांच्या मधली रेघ तेवढी कळते म्हणायचे. "अबेलार्दोला विचारलं तर तो वैतागतो, एवेलियाला विचारलं तर ती खोटं बोलते. तू शिकलेली आहेस. जे दिसेल ते सांग."

पहिला चेंडू फलंदाजामागे बसून खुणा करणाऱ्या कॅचरच्या हातात आपटला.

"सरळ," इरासेमा म्हणाली. "स्ट्राइक."

"ऐकू आलं. पुढे."

"हळू. फलंदाजाने आधीच बॅट फिरवली."

"पोरगं शहाणं झालं," ताता खूश झाले. "पुढे?"

"परत हळू. आउट!"

त्याचा पहिला डाव सुरळीत गेला. दोन सोपे झेल, एकाची बॅट हवेतच, तिघे बाद की डाव संपला. आत्या फोनला सांगत होती की हे रक्त आहे रक्त, हे विकत मिळत नाही. तातांनी मात्र प्रत्येक फलंदाजानंतर तेच विचारलं.

"माझी?"

"अजून नाही, ताता."

"राखून ठेवतोय." त्यांनी समाधानाने मान हलवली. "मीही राखायचो."

इरासेमाने अमायाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली. बाळ आणि म्हातारा, दोघांचाही तिच्यावर सारखाच भरवसा होता. तिला ते अगदी सहन होईना.

त्याच्या दुसऱ्या डावात सगळं फिसकटलं. पहिल्याने सरळ चेंडू असा हाणला की तो कुंपणाला लागून परत आला. दुसऱ्याला चार चेंडू बाहेर पडले, तो फुकटात पहिल्या बेसवर गेला. तिसरा बाद झाला, पण चौथ्यालाही तावोने फुकटात सोडलं, आणि तिन्ही बेस भरले, आता एक फटका म्हणजे धावाच धावा. तावोने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. मग परत काढली. हे लक्षण चांगलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारातही तो टाय असाच काढत-घालत होता.

पलीकडे कठड्याला रेलून डेलेनी उभा होता, पिचरांचा शिक्षक, हडकुळा, सूर्यफुलाच्या बिया चघळत. इरासेमाने त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. भिंत वाचावी तसं झालं.

"हा कसला मूर्खपणा?" अबेलार्दो पुटपुटले. "टाक ना आता. आत्ता नाही तर कधी?"

"कधीची वाट बघतोय?" आत्या उभी राहिली. फोन एका हातात, दुसरा हात तोंडाशी. "निकानोरा! ए तावो! निकानोरा!"

"आत्या, खाली बसा," इरासेमा म्हणाली.

"का बसू? आमच्याकडे बसून नाही बघत खेळ. नि-का-नो-रा!"

मागच्या रांगेत ओब्रेगॉनहून आलेलं कुटुंब होतं. त्यांना ते नाव त्यांच्या आजोबांकडून ठाऊक होतं. तेही उठले. मग वरच्या पायऱ्यांवरचे, यांच्याच प्रांतातले चारदोन सोनोरावाले, मग ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं पण ठेका आवडला अशी पोरंटोरं. बघता बघता सगळी बाजू पाय आपटू लागली. खालचा पत्रा थरथरायला लागला. ताता काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की इरासेमाला तिकडे बघवेना.

"किती वर्षांनी ऐकलं," ते म्हणाले.

फलंदाजाचे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला तो बाद. तावोने चेंडू हातमोज्यात घेतला. आणि इरासेमाला दिसलं.

निकानोरा धरताना त्याचा कोपर किंचित वर जातो. इतका किंचित की संघातल्या कुणाला दिसत नसेल. पण तिने त्याला घराच्या भिंतीवर, बागेत, एकदा तर दवाखान्याच्या बाकावर प्रसूतीच्या कळांच्या मधल्या वेळात चेंडू धरताना बघितलं होतं. कोपर वर गेला. तो टाकणार होता. आज, डेलेनीच्या डोळ्यांसमोर, नको म्हटलेली एकच गोष्ट करणार होता.

तावोने यांच्या बाजूला पाहिलं.

आपण काय करतोय हे कळायच्या आत इरासेमाने मान हलवली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाही.

तावो उंचवट्यावरून मागे उतरला. तळहात विजारीला पुसला. परत वर आला, वाकला, थांबला. कोपर या वेळी खाली होता.

हळू चेंडू. फलंदाज फसला, पुढे तोल गेला, एका हाताने कशीबशी बॅट पोचवली. टोकाला लागून चेंडू तरंगत उठला, पहिल्या बेसच्या माणसाच्या डोक्यावरून गेला, रेघेच्या आत पडला आणि कोपऱ्यात घरंगळत राहिला. एक धाव. दुसरी. तिसराही धापा टाकत शेवटच्या बेसवर पोचला.

पाय आपटायचे थांबले.

"काय झालं?" तातांनी विचारलं. "पडली का? माझी होती का?"

"नाही," इरासेमा म्हणाली. "हळू होता, ताता."

त्यानंतर तावोने दोघांना पाठोपाठ बाद केलं, एकाला सरळवर, दुसऱ्याला परत त्याच हळू चेंडूवर, पण ते कुणी पाहिलंच नाही. कारण एवेलिया आत्या वळली होती.

"मी पाहिलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "तो टाकणार होता. आणि तू मान हलवलीस."

"आत्या..."

"नाही म्हणालीस त्याला. फोनमध्ये आलंय. सलूनमधल्या बायका विचारतायत, तुमची सून कॅचर आहे का म्हणून!"

अबेलार्दोंनी इरासेमाकडे बघितलं. रागाने नाही, राग तिला चालला असता. ओळख विसरल्यासारखं बघितलं.

* * *

सरावाच्या दिवसांपुरत्या भाड्याने घेतलेल्या घरामागे टीचभर अंगण होतं, त्यात एक संत्र्याचं झाड आणि मालकाची लोखंडी शेगडी. परत आल्यावर अबेलार्दोंनी मेस्कीटच्या लाकडाचे कोळसे पेटवले आणि मांस रचायला घेतलं. ते काम ते नेहमी गाणं गुणगुणत करायचे. आज नुसता चिमट्याचा आवाज येत होता.

तावोचा निरोप इरासेमाच्या फोनवर आला होता. संघाच्या मॅनेजरने खोलीत बोलावलंय, उशीर होईल.

सामन्यानंतर खोलीत कुणाला बोलावतात हे या घरात सगळ्यांना माहीत होतं. गेल्या आठवड्यात तावोच्या शेजारी कपडे टांगणाऱ्या पोराला असंच बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची खुंटी रिकामी होती.

"झालं," आत्याने तोर्तियाच्या पोळ्यांचा टोपला दाणकन टेबलावर ठेवला. "तीन धावा दिल्या, आता ते पाठवणार त्याला बर्फात. एक चेंडू टाकला असता. एक!"

"ओरडू नकोस, बाळ झोपतंय," अबेलार्दो म्हणाले. मग शेगडीकडे बघतच, "इरासेमा, मला तुला काही बोलायचं नव्हतं. पण उंचवट्यावर माणूस एकटा असतो. माझी आई तीस वर्षं बाकावर बसली, एकदा हात वर केला नाही तिने. मी मार खायचो तेव्हा जपमाळ ओढायची, बस. तिथे आपण बोलायचं नसतं."

"आणि आपण ओरडायचं असतं?" इरासेमाच्या तोंडून निघून गेलं.

आत्याने कमरेवर हात ठेवले. "बघा, बोलली!"

इरासेमाने टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. आणखी बोलली असती तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि सांगणं तिच्या हातात नव्हतं. खरं तर तिला स्वतःलाही आता काही कळेनासं झालं होतं. डेलेनीचं म्हणणं खरं होतं का? की तीन धावा म्हणजे शेवटी तीन धावाच? निकानोरा पडली असती, फलंदाज बाद झाला असता, तर कोण बोलणार होतं? आपण घाबरलो. घाबरून मान हलवली. आणि आता पोरगी एर्मोसियोत आजीच्या फरशीवर रांगणार.

"इरासेमा," झाडाखालून ताता म्हणाले. "इकडे ये. खुर्ची घेऊन."

ती गेली. तातांनी काठी मांडीवर आडवी घेतली होती.

"तू मला 'अजून नाही' म्हणत होतीस," ते हळू आवाजात म्हणाले. "सारखी. 'अजून' म्हणताना तुझा आवाज पातळ व्हायचा. तुला ठाऊक होतं. ती येणारच नव्हती."

तिने मागे पाहिलं. आत्या कांदे उलटत होती, सासऱ्यांची पाठ होती. तावोला दिलेला शब्द मोडायला तिला एक दीर्घ श्वास पुरला. तिने सांगितलं. डेलेनी, बंदी, ती आईकडे धावण्याची गोष्ट, सगळं. "तावो स्वतः सांगणार होता तुम्हाला," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्याने..."

तातांनी काठीवरून अंगठा फिरवला.

"वाईट तर वाटतंय," ते म्हणाले. "लपवू कशाला. लोक पाय आपटत होते तेव्हा मला वाटलं, मीच चढलोय तिथे." त्यांनी नाक ओढलं. "बरं. आता मला तो चेंडू सांग. ज्याला मार बसला तो."

"हळू होता. फलंदाजाने..."

"फलंदाज नंतर. चेंडू कुठे होता? उंच की खाली?"

"खाली. गुडघ्याखाली."

"आत की बाहेर?"

"बाहेर. खूपच बाहेर. फलंदाज पुढे पडायला आला होता, एका हाताने पोचला."

"बॅटच्या कुठे लागला?"

"टोकाला. आवाजही नीट आला नाही."

"हो, आवाज फुसका होता." तातांनी मान वर केली. "मग हा मार कुठे आहे? हे दैव आहे. हा चेंडू मी सात वेळा टाकला असता तर सहा वेळा ते पोरगं बाद झालं असतं. आधीचे सांग. कुंपणाला लागला तो?"

"सरळ. मधोमध."

"तो वाईट. तो कबूल. मग फुकट सोडलेले?"

मग ती सगळे चेंडू पुन्हा आठवू लागली, पहिल्यापासून. कोणता कुठे, फलंदाजाचे पाय कसे, बॅट आधी की नंतर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांवर डोळे लावून बसायची सवय तिला अशी कामी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ताता प्रत्येकाला निकाल देत होते. चांगला. बरा. घाणेरडा. चांगला. फार चांगला, हा परत सांग.

"हे काय चाललंय?" अबेलार्दो चिमटा घेऊन आले.

"तुझ्या पोराची परीक्षा घेतोय. तू बघत होतास ना? पाचव्याचा दुसरा चेंडू, इरासेमा म्हणते आत होता."

"बाहेर होता," अबेलार्दो म्हणाले.

"आत होता, डॉन अबेलार्दो. फलंदाजाने पोट आत घेतलं."

सासऱ्यांनी डोळे मिटले, चिमटा हवेत धरून आठवलं. "घेतलं खरं," ते म्हणाले. खुर्ची नव्हती म्हणून उलट्या बादलीवर बसले. "पण ताता, तिन्ही बेस भरले असताना, दोन स्ट्राइक असताना..."

"त्याला मना केलं होतं," ताता म्हणाले. आणि तावोचं गुपित दुसऱ्यांदा फुटलं.

शेगडीवरून करपल्याचा वास आला तरी अबेलार्दो उठले नाहीत. मग खाली मातीकडे बघत म्हणाले, "मला असं कुणी मना केलं असतं, तर माझा खांदा अजून असता."

तातांनी हात लांब करून चाचपडत मुलाचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. इरासेमाने नजर वळवली. ते तिच्यासाठी नव्हतं.

आत्या केव्हा येऊन मागे उभी राहिली कुणाला कळलं नाही. तिच्या हातातला कांद्याचा झारा खाली आला होता.

"म्हणजे," ती म्हणाली, "तो तिथे उभा राहून ती न टाकण्यासाठी दात-ओठ आवळत होता, आणि मी अख्ख्या मैदानाला मागायला लावली?"

अबेलार्दोंनी नुसती मान डोलावली.

"अरे देवा. आणि ओब्रेगॉनच्या त्या लोकांनासुद्धा उठवलं मी." ती मटकन गवतावर बसली. "मला सांगायचं तरी!"

"तुला?" अबेलार्दो आणि ताता एकदमच म्हणाले, आणि सामन्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. आत्यालाही हसू आलं, पण डोळे पुसताना.

फाटक वाजलं तेव्हा सगळे असेच बसले होते, एक खुर्चीवर, एक बादलीवर, एक गवतावर. तावो आत आला. डावा खांदा बर्फाच्या पिशव्यांनी बांधलेला, त्यावर शर्ट कसातरी अडकवलेला. त्याने आधी तातांकडे पाहिलं. मॅनेजर, डेलेनी, संघ, कशाचीच भीती त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, तातांना काय वाटेल एवढीच एक होती.

"ताता," तो म्हणाला, "मला तुम्हाला काहीतरी..."

"कळलं. बस." तातांनी झाडाच्या खालच्या फांदीला हात घातला, चाचपडून एक संत्रं तोडलं आणि पुढे केलं. "तो हळूवाला कसा धरतात? मला एवढं कळत नाहीये, करंगळी कुठे जाते?"

तावो जागच्या जागी उभा राहिला. मग गुडघ्यांवर बसला. त्याने तातांची गाठाळ बोटं एकेक करून संत्र्यावर बसवली. "ही इथे. हिने धरायचं नाही, नुसती टेकवायची. जोर लावल्यासारखं करायचं, पण लावायचा नाही."

"म्हणजे लबाडी."

"हो, ताता."

"आवडलं मला," ताता म्हणाले.

"अरे, पण मॅनेजर काय म्हणाला ते सांगशील का कुणी मरायच्या आत?" आत्या ओरडली.

तावोने मान वर केली. "म्हणाला, धावा मी मोजल्या नाहीत. लोक पाय आपटत होते तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होतो. म्हणाला, चार दिवसांनी परत टाकायचं, या वेळी सुरुवातीपासून. पुढचं पुढे. पण सामान बांधायचं नाही."

अबेलार्दोंनी करपलेल्या मांसाला एक शिवी हासडली आणि धावत शेगडीकडे गेले. त्यांना पाठ फिरवायची होती.

"तुझ्या बायकोचे आभार मान," आत्या म्हणाली. तिला माफी मागणं जमत नसे, ती अशी वळण घेऊन येई. "मी हिला घालूनपाडून बोलले. हिने मान हलवली नसती तर तू टाकणारच होतास."

"कधी हलवली?"

"अरे, तू आमच्याकडे बघितलंस तेव्हा! ही नाही म्हणाली, तू मागे उतरलास."

तावोने इरासेमाकडे पाहिलं, मग आत्याकडे. "ऊन थेट डोळ्यांवर होतं. मला तिकडे कुणीच दिसलं नाही. नुसता आवाज येत होता." त्याला ओशाळल्यासारखं झालं. "मी धरली होती निकानोरा, हे खरंय. मग सोडली. माझी मीच."

इरासेमा उठली आणि आत जाऊन अमायाला घेऊन आली, जागी नव्हती तरी. दुपारपासून तिने ते सगळं एकटीने उचललं होतं, तीन धावा, बर्फातलं गाव, एर्मोसियोची फरशी, आणि आता कळत होतं की उचलायला काही नव्हतंच. तिला राग यायला हवा होता. तिच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

तावो अंगणातल्या नळापाशी तिच्याजवळ आला. "तू खरंच मान हलवलीस?"

"हो."

"मला दिसली असती तर मी टाकली असती."

"का?"

"तू घाबरलेली दिसलीस की मला काही सुचत नाही," तो म्हणाला. "वाटतं, लगेच काहीतरी करून दाखवावं."

"मी घाबरलेच होते."

"माहीत आहे. तू बाजारातसुद्धा घाबरतेस." त्याने उजव्या हाताने बाळ घेतलं. "बघत जा पण. बघायचं सोडू नकोस."

अमायाने डोळे उघडले. समोर बापाचा खांदा होता, त्यावर पांढरा, गार, ठिबकणारा गठ्ठा. तिने गंभीरपणे तो न्याहाळला, तोंड लावलं आणि गारव्याने शहारून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशी किंचाळली. लगेच परत तोंड लावलं. इरासेमाचा हात सवयीने रुमालासाठी पिशवीकडे गेला. पिशवी आत राहिली होती. तिने हात तसाच तावोच्या पाठीवर ठेवला, जिथे शर्ट ओला झाला होता, आणि पोरीला चोखू दिलं.